गोलपोस्टामागच्या गोवऱ्या

"गुरुजी, तिकडं आपली पोरगी कोन्या अंगाले उभी राहीन हो?"

मी दाढीला बसलो होतो. अर्धा गाल साबणानं भरलेला, आणि समोरच्या कुंपणावरून कौसाकाकूंचं डोकं वर आलेलं. डोक्यावर शेणाचं टोपलं, त्यामुळे आधी टोपलं दिसायचं आणि मग काकू.

"तिकडं म्हणजे कुठे, काकू?"

"तिकडं म्हंजे तिकडं! आता नाव घ्याले लावता का मले?"

नाव घेणं शक्यच नव्हतं. ज्या गावाला जायचं त्याचं नाव निघायच्या आधी तोंडातून काढलं की काम बिघडतं, हा काकूंचा पक्का नियम. त्यांना "कुठे चाललात?" असं विचारणं तर गुन्हाच. मी मेडशीला बदलून आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. एसटी स्टँडवर काकू मालेगावच्या गाडीत एक पाय ठेवून उभ्या होत्या. नवी शेजारीण, म्हणून मी आपलं सौजन्यानं विचारलं, "कुठे चाललात काकू?" बाईंनी वर टाकलेला पाय खाली घेतला, माझ्याकडे असं पाहिलं की बस्स, आणि तरातरा घरी गेल्या. घरी जाऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग नव्यानं निघाल्या. गाडी काय त्यांच्यासाठी थांबणार होती! संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं होतं, "नव्या गुरुजीनं माही गाडी चुकोली." त्यानंतर मी मेडशीत कोणाला कुठे चाललात म्हणून विचारलं असेल तर शपथ.

तर "तिकडं" म्हणजे अमरावती. आणि काम होतं फुटबॉलच्या मॅचचं.

काकूंचा आणि फुटबॉलचा संबंध आला तो गोवऱ्यांमुळे. आमच्या गल्लीच्या टोकाला गावचं मैदान. दिवसभर त्यावर गुरं चरायची, संध्याकाळी शाळेच्या मुली फुटबॉल खेळायच्या. मैदानाला गोलपोस्ट एकच. दुसऱ्या बाजूला उतार आणि पुढे कोणाची तरी तूर, तिथे पोस्ट उभं करणार कुठे? सगळा खेळ त्या एकाच पोस्टाकडे चालायचा. आणि नेमकी त्या पोस्टाच्या मागे शाळेची भिंत. दिवसभर ऊन खाणारी अशी भिंत साऱ्या मेडशीत दुसरी नव्हती, असं काकूंचं म्हणणं. त्या सकाळी मैदानावरचं शेण गोळा करायच्या आणि त्या भिंतीवर गोवऱ्या थापायच्या. मैदान आपोआप साफ व्हायचं आणि घरच्या दोन म्हशींच्या शेणात भर पडायची. घरात दुसरं होतं कोण? काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कंपनीत.

पोस्टाला जाळी नव्हती. म्हणजे गोल झाला की चेंडू थेट गोवऱ्यांवर.

"माह्या गोवऱ्याचा भुगा करून राह्यल्या ह्या पोट्ट्या!" असं ओरडत काकू मैदानात शिरल्या, तो दिवस मला नीट आठवतो. काकू चणीनं एवढ्याशा, पण आवाज असा की उतारावरची गुरं मान वर करायची. खेळाच्या सरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण काकूंसमोर त्यांची डाळ शिजेना. शेवटी काकू पदर खोचून पोस्टाला टेकून राखणीलाच बसल्या. तेवढ्यात एक सणसणीत चेंडू आला. पोस्टात उभी असलेली पोरगी आडवी झेपावली आणि चेंडू छातीशी घेऊन मातीत लोळली. भिंतीवरची एक गोवरी हलली नाही.

काकू बघतच राहिल्या. "अवं, सुभाषची पल्लवी ना वो तू?"

"हाव काकू, मीच."

"लेक असावी तं अशी," काकू म्हणाल्या. "माह्या गोवऱ्या वाचोल्या पोरीनं!"

झालं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काकू पोस्टाशी हजर, पदराखाली पल्लवीसाठी दुधाचा तांब्या. फुटबॉल म्हणजे पल्लवीनं गोवऱ्या वाचवायच्या, एवढाच त्यांचा अर्थ. खऱ्या मैदानाला दोन गोलपोस्ट असतात, असं एकदा सरांनी सांगितलं तर म्हणाल्या, "दुसरं कायले लागते? आपल्याजोळ पोरगी एकच हाय." सरांनी कपाळाला हात लावला आणि विषय सोडून दिला. मलाही फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी मान डोलावली. हे मान डोलावणं पुढे आम्हाला चांगलंच भोवणार होतं.

पल्लवीचा बाप सुभाष काकूंच्या पलीकडच्या घरात राहायचा. सोयाबीन-तुरीची शेती, सरळ माणूस, पण बोलायला भारी कंजूष. पोरगी मैदानावरून गुडघे फोडून आली की हा तोंड फिरवून बसायचा. मैदानात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. कोणी म्हणालं, "काय खेळते रे तुझी पोरगी!" तर ठरलेलं उत्तर यायचं, "थे माही नाई बाप्पा. थे काकूची पोरगी हाय, काकूले इचारा." लोक हसायचे. पल्लवी मात्र हे ऐकलं की मान खाली घालून निघून जायची. काकूंना ते दिसायचं.

मग आमच्या मुली जिल्ह्यात जिंकल्या; तिथे सरांखेरीज गावातलं कोणी गेलं नव्हतं. पुढची मॅच अमरावतीला, विभागाची. तिथल्या क्रीडा वसतिगृहाचे सर गोलकीपर बघायला येणार होते. त्यांना पोरगी पसंत पडली तर राहणं, खाणं, शिक्षण, खेळ सगळं तिकडेच. फक्त बापानं हो म्हणायला हवं. आणि बाप ओसरीवर बसून पोरीला सांगत होता, "जाऊ दे हा एक डाव. तिथून आली का बूट-मोजे सरच्या हवाली कर. बस झालं आता."

काकूंनी हे कुंपणापलीकडून ऐकलं. मला वाटलं, आता होतो तमाशा. पण काकू गप्प. ज्या बाईनं शेंगदाणे खवट निघाले म्हणून भर बाजारात दुकानदाराला घाम फोडला होता, ती गप्प! मला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लुगडं नीट नेसून, हातात हळद लावलेले तांदूळ घेऊन सुभाषच्या दारात उभ्या. मलाही बोलावलं होतं, साक्षीला.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे नवसाचे रोडगे असतात. गव्हाच्या जाड पिठाचे थरावर थर देऊन केलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. त्या निखाऱ्यांच्या ढिगाला जगरा म्हणतात. हे काम पुरुषांचं, आणि तेही प्रत्येक पुरुषाला जमत नाही. सुभाषला जमायचं. आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. एकदा जगऱ्याशी बसला की उठायचा नाही, आणि त्याच्या हातचा रोडगा कधी करपलेला कोणी पाहिला नव्हता. घरात एवढंसं बोलणारा हा माणूस रोडग्यांच्या बाबतीत मात्र फार ताठ. आणि नवसाच्या रोडग्यांचं आवतन वैऱ्यानं दिलं तरी मोडायचं नसतं.

"सुभाष, हात पुढं कर," काकू म्हणाल्या. त्यानं केला. तांदूळ तळहातावर पडले. "रोडग्याचं आवतन हाय. मी नवस बोलली होती. पोरगी तिकडं खेळाले उभी राह्यली का मैदानाच्या काठावर रोडगे करीन. कराले तूच पाह्यजे."

सुभाषनं तळहाताकडे पाहिलं. डाव त्याच्या लक्षात आला, पण तांदूळ तर हातात पडले होते.

"काकू, मी म्याच पाहाले येनार नाई."

"तुले कोन म्हनते म्याच पाह्य? तू जगरा पाह्य. तोंड जगऱ्याकडं, पाठ मैदानाकडं. मंग तं झालं?"

"पाठ मैदानाकडं?"

"हाव ना."

"मंग येतो."

बाहेर आल्यावर काकूंनी माझ्या हाताला असा चिमटा काढला की मी कळवळलो. "गाडीत तं बसोला गुरुजी! पुढचं पुढं पाहू!"

मग जे आठ-दहा दिवस गेले, तसे मेडशीत दुसरे गेले नसतील. आमची गल्ली म्हणजे लग्नघर झाली. कोणी गहू निवडतंय, कोणी जाडसर दळून आणतंय, कोणी मोठी पितळी परात घासतंय. मुली सरांबरोबर आदल्या दिवशीच एसटीनं जाणार होत्या. आम्हा बाकीच्यांसाठी रफिकभाईंची क्रूझर ठरली. गाडीत कोण कुठे बसेल ते काकूंनी ठरवलं, कोणाला मळमळतं त्यांना खिडकी दिली, आणि सगळ्यांना बजावलं की गावाचं नाव घ्यायचं नाही, कोणी विचारलं तर "तिकडं" म्हणायचं. त्यामुळे झालं असं, की साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट आम्ही कानात कुजबुजत होतो! शाळेत माझ्या वर्गातली पोरंसुद्धा विचारायची, "गुरुजी, तुमी तिकडं जाऊन राह्यले ना?"

खरी हुज्जत झाली ती गोवऱ्यांवरून. पोती बघून रफिकभाई हबकलेच.

"काकू, गोवऱ्या गाडीत? तिकडं मिलत नाई का?"

"दुसऱ्याच्या गोवऱ्यावर माहा नवस? भाऊ, तुमी गाडी चालवा. ह्या भिंतीवरच्या हायेत. पोरीनं ज्या वाचोल्या, त्याच नेईन मी."

रफिकभाईंनी पोती टपावर चढवून वर ताडपत्री बांधली. "अल्ला करे जीत के आये," ते दोरी ओढता ओढता म्हणाले.

आणि एक प्रश्न काकू मला रोज विचारायच्या. पोरगी कोन्या अंगाले उभी राहीन? त्यांचा बेत साधा होता. जगरा पोस्टाच्या मागे लावायचा. सुभाषची पाठ असली तरी पोरगी त्याच्या पाठीशीच असेल. कधी ना कधी वळेलच. बाप आहे, दगड नाही.

पहाटे निघालो. सुभाष पुढे, मांडीवर परात. शेलूबाजारला काकूंनी गाडी थांबवून काटेरी वांगी आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, घेतला. "ताजा पाह्यजे, घरचा कोमेजते." कामरगाव म्हणजे काकूंचं माहेर. रस्त्यावर भाऊ वाट पाहत उभा, चहाला चला म्हणून हात जोडतोय. पण काकू उतरल्या नाहीत. "वापस येतानी! आता पाय खाली टेकोत नाई!" भावानं बिचाऱ्यानं दह्याचं गाडगं खिडकीतून आत दिलं. मग काकूंना एकदम आठवलं आणि भाऊ मागे पडता पडता त्या ओरडल्या, "वहिनीले सांग, माही म्याच हाय आज!"

अमरावतीची पाटी लागली तशा काकू सीटवर उभ्याच राहिल्या. "हं, आता म्हना!"

"अमरावती!" साऱ्या गाडीनं इतक्या जोरात आरोळी ठोकली की शेजारून जाणारा स्कूटरवाला दचकून थांबला.

मैदान एका कॉलेजचं. हिरवंगार, आखलेलं, दोन्ही टोकांना जाळीचे पोस्ट. आमची पल्लवी डावीकडच्या पोस्टात उभी दिसली तशी काकूंनी टाळी वाजवली. त्या पोस्टामागे कुंपणाबाहेर मोकळी जागा होती. चौकीदार आडवा आला. काकूंनी त्याच्याही हातावर तांदूळ ठेवले. तो दर्यापूरकडचा निघाला, रोडग्यांचं नाव ऐकून विरघळला. जगरा पेटला. सुभाष ठरल्याप्रमाणे पाठ करून बसला. शिट्टी वाजली.

काकू त्याला ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगायला लागल्या. "पाह्यलं का गुरुजी, कशी झेपावली! वाघीन हाय वाघीन!"

"काकू, चेंडू पलीकडे आहे. ती नुसती उभी आहे."

"तुमी गप बसा!"

पण काकूंची गरज नव्हतीच. घरात तोंड वर न करणारी ती पोरगी पोस्टातून अख्ख्या टीमला हाकत होती. "मागं ये! उजवीकडं! सोड, माझा बॉल!" खणखणीत आवाज. सुभाषच्या पाठीवर आदळत होता तो. तो रोडगे फिरवत राहिला, पण दर हाकेला त्याचा हात जरासा थांबायचा. एकदा चेंडू पोस्टाला लागून खणकन वाजला, तेव्हा त्याचे खांदे आक्रसले. वळला मात्र नाही.

मध्यंतर झालं. आणि मग ते घडलं. मुली पाणी पिऊन आल्या आणि पल्लवी चालत चालत पार पलीकडच्या पोस्टात जाऊन उभी राहिली. आमच्यासमोर दुसऱ्याच टीमची कीपर!

"अवं, इकडं ये! पल्लवे! तुही जागा इकडं हाय!" काकू कुंपणाला लागून धावायला लागल्या. "हे कोन उभं केलं इथं? काहून पाठोलं तिले तिकडं?"

शेजारच्या एका पोरानं हसू दाबत सांगितलं की अर्ध्या खेळानंतर बाजू बदलतात. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. एका गोलपोस्टाच्या गावची माणसं आम्ही, आम्हाला हे कुठून ठाऊक? काकू रिकाम्या पोत्यावर मटकन बसल्या. "गेलं वो माय सारं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं सुभाष पाठ तशीच ठेवून बोलला.

"काकू, आवाज बंद काहून झाला?"

"तिकडं गेली थे."

"तिकडं कुठं?"

"पार पलीकडं. बदलतात म्हने बाजू."

सुभाष वळला. एवढ्या मोठ्या मैदानापलीकडे पोरगी बोटाएवढी दिसत होती. त्यानं डोळ्यांवर हात धरला, डोळे बारीक केले, मग गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला. "जगरा पाह्यजा," म्हणाला आणि कुंपणाच्या कडेनं चालायला लागला. आधी सावकाश. मग भरभर. शेवटी तर अंगावरची राख उडवत तो चक्क पळत होता.

काकूंनी माझं मनगट धरलं ते मॅच संपेपर्यंत सोडलं नाही.

तो पोहोचला आणि नेमका तेव्हाच गोल झाला. पोरगी झेपावली, पण चेंडू तिच्या हाताखालून जाळीत गेला, थेट बापासमोर. "फुटल्या गोवऱ्या," काकू पुटपुटल्या. आम्हाला लांबून दिसलं ते इतकंच, की पल्लवी उठली, चेंडू घ्यायला वळली आणि जाळीपलीकडे बाप उभा. दोघं जराशी तशीच थांबली. मग तिनं चेंडू उचलून मध्याकडे भिरकावला आणि तिचा आवाज इथपर्यंत आला, "चला गं! वेळ आहे अजून!"

त्यानंतर त्या पोरीनं काय खेळ केला! एकदा पायानं, एकदा बोटांच्या टोकानं, एकदा समोरून धावत आलेल्या मुलीच्या पायांत घुसून. प्रत्येक वेळी सुभाष जाळीमागे तिच्या बाजूनं धावायचा, डावीकडे, उजवीकडे, जसा काही तोच अडवणार आहे. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी जाळीच धरली. काकू रडत होत्या, हसत होत्या, आणि चौकीदाराला मारत होत्या. दुसरा गोल झाला नाही. पण तो पहिला आमच्या मुलींनाही फेडता आला नाही, हरलो.

काकू मला ओढत पलीकडे घेऊन गेल्या. वसतिगृहाचे सर सुभाषपाशीच उभे होते. राखेनं माखलेला माणूस पाहून त्यांना तो मैदानावरचा कामगार वाटला असावा. "का हो, ही कीपर कोणाची मुलगी, माहीत आहे का?"

काकूंनी श्वास धरला. मीही धरला.

"माही," सुभाष म्हणाला. मग पल्लवीकडे बघून जरा मोठ्यानं, "माही हाय. कोनते कागद लागते थे सांगा."

पल्लवीनं हातमोजे तोंडावर धरले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, पण अर्धा क्षणच. कारण तेवढ्यात वास आला.

जगरा! जगऱ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. चौकीदारासकट सगळे कुंपणाशी. सुभाष धावत परत गेला, काडीनं राख सारली. सगळे रोडगे कोळसा. आयुष्यात पहिल्यांदा. तो डोकं धरून बसला. "जयाले सारे."

"जयू दे," काकू म्हणाल्या. "माहा नवस फिटला. वांग्याची भाजी वाढा हो रफिकभाऊ."

आम्ही वरचा काळा पापुद्रा सोलून आतलं खाल्लं. कडू लागत होतं, धुरकट लागत होतं, आणि हरलेल्या मुली बोटं चाटत होत्या. सुभाषनं शोधून शोधून एक जरा बरा रोडगा काढला, फोडला, त्यावर दह्याची कवडी ठेवली आणि पल्लवीच्या पानात टाकला. आमच्याकडे पाठ करून.

पल्लवी जूनमध्ये अमरावतीला गेली. पुढच्या वर्षी माझीही बदली झाली. सामानाचा टेम्पो मैदानावरून निघाला तेव्हा बघतो तर उताराच्या टोकाला, तुरीला लागून, दोन बांबूंचं नवं गोलपोस्ट. सुभाषनं रोवलेलं. आणि जुन्या पोस्टात पदर खोचून कौसाकाकू स्वतः उभ्या. नवी कीपर उशिरा यायची, तोवर गोवऱ्या कोण राखणार?

मला पाहून त्यांनी हात वर केला. कुठे चाललात, असं त्या विचारणार नव्हत्याच. चार पावलं पुढे आल्या आणि ओरडल्या, "गुरुजी! तिकडं मैदान हाय का हो?"

"आहे, काकू!"

"गोल किती?"

"दोन!"

तेवढ्यात मागून चेंडू सणसणत आला आणि भिंतीवर धाडकन आदळला. काकू गर्रकन वळल्या. टेम्पो स्टँडच्या वळणाला लागेपर्यंत मला त्यांचा आवाज येत होता, साऱ्या मैदानाला सांगत होत्या, "पाह्यलं का, जाता जाता गुरुजीनं माह्या गोवऱ्या फोडल्या!"